चुकीच्या नंबरावर गेलेला सल्ला

माझ्या अशिलाला लिहिलेलं गोपनीय पत्र मी विरुद्ध पक्षाच्या वकिलाला फॅक्स केलं.

दोन पानं होती. माझ्या हाताने लिहिलेली, खाली माझी सही. मशीनने ‘पोचलं’ असं सांगणारी चिठ्ठी बाहेर टाकली, ती मी नीट फाइलला टाचली, फाइल कपाटात ठेवली आणि सँडविच खायला गेलो. कामाचं समाधान म्हणून जे काही असतं ते त्या दुपारी मला पुरेपूर होतं. वीस तास टिकलं.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा मी मेलबर्नच्या पश्चिम भागात, बूट दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, छोट्याशा फर्ममध्ये कामगारांची बाजू मांडायचो. त्याआधी मुंबईत आठ वर्षं कामगार न्यायालयात काढली होती. इथे येऊन पुन्हा दोन वर्षं युनीत, म्हणजे विद्यापीठात गेलो, माझ्या निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून कायदा नव्याने शिकलो. शिकलो, असं निदान परीक्षकांचं मत पडलं. अंगात मात्र मुंबईच होती. तिथली माझी एक केस माझ्या आधी सुरू झाली होती आणि मी देश सोडला तेव्हा ती ऐन तारुण्यात होती. त्यामुळे इथल्या पहिल्याच अशिलाला मी सवयीने सांगितलं, ‘‘घाई नाही, सावकाश कागद गोळा करा.’’ इथे नोकरीवरून काढल्यावर अर्ज करायला चौदा दिवस मिळायचे. त्या माणसाचे अकरा आधीच संपले होते. शेजारच्या टेबलावरून माझ्या बॉसने ते ऐकलं, हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि स्वतः फॉर्म भरायला घेतला.

आयोगासमोर पहिल्यांदा गेलो तेव्हाही तसंच. नोकरीवरून काढलेल्यांच्या तक्रारी आधी आयोगाकडे जायच्या. तिथे दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून काही तडजोड होते का ते बघायचे. झगा नाही, उंच आसन नाही, पट्टेवाला नाही. मी मात्र उभा राहिलो, कोटाची बटणं लावली आणि ‘‘माय लॉर्ड’’ अशी घनगंभीर सुरुवात केली. समोरचे गृहस्थ स्वेटर घालून बसले होते. म्हणाले, ‘‘बस ना मेट, हीटरच्या आड येतोयस.’’

हे सगळं सांगतोय अशासाठी, की फॅक्सची चूक काही अचानक आभाळातून पडली नव्हती. माझी तयारी चालू होती.

तर, अशील म्हणजे वसईच्या एक मावशी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात छोटा क्रूस, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. बिस्किटांच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या वरताण बोलून बोलून तो तसा झाला होता. अकरा वर्षं त्या पॅकिंगच्या एकाच लाइनवर होत्या. शेवटची चार वर्षं तर त्या लाइनच्या प्रमुख. कारखाना घरापासून चालत सात मिनिटं. ही सात मिनिटं लक्षात ठेवायला हवीत, कारण त्यांच्या नवऱ्याला दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची. सात मिनिटं जायला, सात यायला, आणि उरलेल्या सोळा मिनिटांत मावशी त्यांना भरवायच्या, गोळ्या द्यायच्या, खुर्चीतून उठवून पुन्हा नीट बसवायच्या. मुलगी शहरात नोकरीला, संध्याकाळी उशिरा यायची. त्या घराचं सगळं त्या सोळा मिनिटांवर चाललं होतं.

आणि मावशींना कामावरून काढलं ते हजेरीच्या कार्डावरून. कारखान्याच्या दाराशी हजेरीचं घड्याळ असतं, त्याला इथे बंडी म्हणतात. आपलं कार्ड त्यात आपणच घालायचं, दुसऱ्याचं घालायचं नाही, असा नियम भिंतीवर लावलेला. एका सकाळी मावशींच्या मागोमाग त्यांच्या लाइनवरची एक बाई आली. आली ती वेळेवर, पण दारातच तोंडावर हात धरून बाथरूमकडे धावत सुटली. मावशींनी तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि स्वतःच्या कार्डामागोमाग घड्याळात घातलं. पर्सोनेल मॅनेजरबाईंनी काचेतून कार्ड बघितलं, बाथरूम बघितलं नाही. दुपारी मावशींच्या हातात पत्र. गैरवर्तन. ‘का घातलंस’ असं कोणी विचारलंसुद्धा नाही. आणि जिच्या पोटाने हे सगळं घडवलं ती बाई नवीन लागलेली, कच्च्या नोकरीतली. मावशींसाठी साक्ष द्यायला ती तयार नव्हती. मी तिला दोष देत नाही. माझंही तेव्हा प्रोबेशन चालू होतं.

मावशींची मागणी एकच. पहिल्या भेटीतच त्यांनी ती टेबलावर तळहात आपटून सांगितली होती. ‘‘मला माझी लाइन परत पाहिजे. बाकी काय नको.’’

मावशी वसईला मिशनच्या शाळेत मराठीत शिकलेल्या. कामावरून काढल्याचं इंग्रजी पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं तेव्हा घड्यांवरून कळत होतं की ते पुष्कळदा उघडलंय आणि पुष्कळदा पहिल्या ओळीपाशीच मिटलंय.

‘‘तुम्ही मला मराठीत लिहा, वकीलसाहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरीला विचारलं की ती आधी स्वतः वाचते, मग तोंड पाडते, आणि मग मला निम्मंच सांगते.’’

मला ही कल्पना बेहद्द आवडली. एक तर मराठी पत्र लिहायची संधी. शिवाय आपल्या लोकांची एक समजूत माझ्याही डोक्यात घट्ट बसलेली होती, की परदेशात मराठी म्हणजे कुलूप लावलेली तिजोरी. ट्राममध्ये समोर बसलेल्याच्या टकलाबद्दल, पुढच्या रांगेतल्या बाईच्या टोपीबद्दल आपण काय काय आणि किती मोठ्याने बोलत असतो! माझ्या बायकोने एकदा सोफ्याच्या दुकानात विक्रेत्याकडे गोड हसून बघत मला सांगितलं होतं, ‘‘हा थापा मारतोय, निघ.’’ तोही बिचारा उलट हसला होता. तेव्हा मी ठरवून टाकलं, गुपित काय ते मराठीत. पत्र उद्या रस्त्यात पडलं तरी बंद पाकिटात असल्यासारखंच.

मावशींच्या घरी फॅक्स कुठला असणार? पण कोपऱ्यावर मिल्क बार होता, म्हणजे दूध, पाव, वर्तमानपत्रं विकणारं आपल्या गल्लीतल्यासारखं दुकान. तिथल्या मालकाने हौसेने फॅक्स मशीन घेतलं होतं. मावशींसाठी काही आलं की तो पानांची घडी घालून पावाबरोबर त्यांच्या हातात द्यायचा. तीन-चार पत्रं अशी नीट पोचलीही होती.

मंगळवारी आयोगासमोर बैठक होती. आधीच्या गुरुवारी मी मावशींना शेवटचा सल्ला लिहायला बसलो. पहिलं पान काकांची तब्येत आणि मावशींनी पाठवलेलं कोलंबीचं लोणचं यांतच संपलं. दुसऱ्या पानावर कायदा. आपला साक्षीदार येणार नाही, आपली बाजू लंगडी आहे, तेव्हा ताणून धरू नये, असं मी लिहिलं. कंपनीचा दुसरा कारखाना डँडिनाँगला आहे, तिथली जागा देऊ केली तर नाही म्हणू नका, घेऊन टाका. मुंबईत मी ‘पूर्ण मिळालं पाहिजे’ म्हणणारी माणसं बघितली होती. त्यांना तारखा मिळाल्या, चष्मे लागले, नातवंडं झाली, नोकरी तेवढी मिळाली नाही. ती धास्ती माझ्या हातून लिहीत होती.

डँडिनाँग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन ट्रेन आणि वर एक बस. काकांच्या दुपारच्या जेवणाबद्दल मी लिहिलं होतं, ‘त्याचं काहीतरी बघता येईल.’ काय बघता येईल ते मी बघितलेलं नव्हतं.

फाइलच्या आतल्या बाजूला एक पिवळा चिकट कागद होता, त्यावर माझ्याच हाताने लिहिलेले दोन फॅक्स नंबर. वरचा मिल्क बारचा, खालचा कंपनीच्या वकिलाचा. मी खालचा फिरवला. याला काही कारण नाही. डोकं सँडविचमध्ये होतं.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या वकिलाचा फोन आला. तरुण, उत्साही माणूस. कोर्टात भांडायचा, जिन्यात क्रिकेटवर बोलायचा.

‘‘मेट, तुझ्याकडून दोन पानं आलीयत. हे काय, ग्रीक आहे का?’’

मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झालो. ‘‘मराठी आहे.’’

‘‘ते काय असतं?’’

‘‘भाषा.’’

‘‘बरं. माझ्यासाठी आहे का?’’

‘‘नाही.’’

माणूस हुशार होता. ‘‘अरे बापरे. तुझ्या अशिलासाठी?’’

‘‘हो.’’

‘‘नो वरीज,’’ तो म्हणाला. ‘‘मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. आत्ता फाडून टाकतो. फक्त एवढंच आहे की...’’

या ‘फक्त’नंतर चांगलं काही येत नाही, हे दोन्ही देशांत सारखंच आहे.

‘‘...तुझ्याकडून आलेलं सगळं माझी सेक्रेटरी आपोआप कारखान्याला पुढे पाठवते. काल दुपारीच गेलं असणार. मी परत मागवतो. पण तिथे तरी कोण वाचणार म्हणा!’’

तिथे कोण वाचणार ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर एक इंजिनिअर होता, मूळचा पुण्याचा, आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सचिव. गेल्या गणपतीत त्याने कार्यक्रमाचं सूत्रसंचालन विश्वासाने माझ्याकडे दिलं होतं आणि पाऊण तास मीच बोललो होतो. दोन लहान मुलींचा नाच त्यात राहूनच गेला. त्यातली एक त्याची होती. तेव्हापासून तो माझ्याशी मोजकंच बोलायचा.

म्हणजे आता कंपनीला फक्त त्याच्या टेबलावर ती पानं ठेवायची होती. ‘डँडिनाँग दिलं तर घेईन’ हे एकदा त्यांना कळलं की ते डँडिनाँगच्या पुढे एक पाऊल टाकणार नव्हते. मावशींची लाइन, त्यांची सात मिनिटं, काकांची सोळा मिनिटं, सगळं मी माझ्या सहीनिशी विरुद्ध पक्षाला देऊन बसलो होतो.

बॉसकडे गेलो. साठीला आलेली बाई, बाप गोदी कामगार, आयुष्य मालकांशी भांडण्यात गेलेलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

‘‘दोन्ही पानं गेली?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘चला, काम अर्धवट तरी टाकत नाहीस.’’ मग तिने चष्मा काढला. ‘‘त्याला लेखी कळव, सगळ्या प्रती नष्ट झाल्याचं त्याच्याकडून लेखी घे. आणि अशिलाला सांग. आज. मला सांगितलंस ना, तसंच सगळं.’’

मी लगेच मावशींना फोन लावला. मुलीने उचलला, त्या दिवशी ती रजेवर होती. मी मराठीत विचारलं, ती इंग्रजीत म्हणाली, ‘‘मम इज ॲट द हॉस्पिटल विथ डॅड. ट्राय इन द आरव्हो.’’ दुपारी लावला तर एंगेज्ड. तो टूं-टूं आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा लावलाच नाही. सोमवारी लावला तेव्हा काकांनी उचलला. झटक्यानंतर त्यांचं बोलणं नीट उमटत नसे. ते बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होते आणि मी ‘‘हो काका, हो काका’’ म्हणत होतो. शेवटी मी म्हटलं, ‘‘मावशींना सांगा, उद्या अर्धा तास लवकर या.’’ ते हसले असं वाटलं. निरोप पोचला नाही, हे मंगळवारी कळलं.

पण त्याआधी मधला रविवार.

महिन्याच्या दर तिसऱ्या रविवारी दुपारी मंडळाचा मेळावा असायचा, एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. जाऊ नये असं मी ठरवलं होतं. बायको म्हणाली, ‘‘पन्नास बटाटेवडे तळलेत मी. तू येतोयस.’’ गेलो. चहाच्या मोठ्या पिंपाशी उभा राहून मी कप भरत होतो, आणि कोणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. इंजिनिअर.

‘‘काय वकील,’’ तो म्हणाला. ‘‘तुझं अक्षर ओळखलं मी.’’

कप भरून वाहायला लागला. ‘‘हे बघ,’’ मी म्हटलं, ‘‘मी तुझ्याशी यावर बोलू शकत नाही. तू विरुद्ध पक्षाचा माणूस आहेस. नियम आहे तसा.’’

‘‘तू नको बोलूस. मी बोलतो, तू ऐक. आधी तो नळ बंद कर.’’

मी नळ बंद केला.

‘‘शुक्रवारी आमच्या पर्सोनेलच्या बाई दोन कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, ही तुझी भाषा आहे का? म्हटलं, हो. म्हणाल्या, वाचून सांग. मी माझ्या कामाची यादी काढली. नेमणूक झाली तेव्हा त्यांनीच दिली होती, त्यांचीच सही आहे तिच्यावर. म्हटलं, यात कन्व्हेयर बेल्ट आहे, ओव्हन आहे, कॉम्प्रेसर आहे. भाषांतर कुठे आहे दाखवा. नसेल तर आधी युनियनशी बोला, यादी बदला, मग कागद आणा.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? गेल्या. तासाभराने म्हणे वकिलाचा फोन आला, कागद परत पाठवा. पाठवले.’’

‘‘म्हणजे तू वाचलं नाहीस?’’

तो दुखावला. ‘‘आम्ही शेजाऱ्याचा पेपर वाचतो. पत्र नाही.’’ कपाखाली बशी धरून तो निघाला, आणि दोन पावलं जाऊन वळला. ‘‘आणि मराठीत गुपितं लिहायचं बंद कर. आमच्या कँटीनमध्ये एक नागपूरचा आहे. त्याच्याकडे कसलीही यादी नाही.’’

त्या दुपारी मी किती बटाटेवडे खाल्ले ते बायकोने मोजलं. तिच्या मते बटाटेवडे घरचेच होते, पण भूक सार्वजनिक होती. मला त्याचं काही नव्हतं. शुक्रवारपासून छातीवर कोणीतरी फाइलींचा गठ्ठा ठेवला होता, तो उचलला गेला होता. घरी येताना गाडीत मी मोठ्याने गायलोसुद्धा. सोमवारी कंपनीच्या वकिलाचं पत्रही आलं: प्रती नष्ट केल्या, कोणीही वाचलेल्या नाहीत.

राहिलं होतं ते मावशींना सांगणं. आणि सल्लाही अजून त्यांच्यापर्यंत पोचायचाच होता.

मंगळवारी मी अर्धा तास लवकर जाऊन आयोगाच्या बाकावर बसलो. मावशी आल्या त्या बैठकीला पाच मिनिटं असताना, चर्चला जायचा निळा ड्रेस घालून, धापा टाकत. काकांना कपडे घालून शेजारणीकडे बसवून आल्या होत्या. मी एका दमात सांगून टाकलं, की मावशी, मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं आणि ते चुकून त्यांच्या वकिलाकडे गेलं.

‘‘माझं पत्र? त्यांच्याकडे?’’ त्यांच्या आवाजाने बाकावरचे इतर तिघे सावरून बसले. ‘‘वाचता आलं का त्यांना?’’

‘‘नाही.’’

‘‘मग झालं तर. मला वाटलं आमच्यातलं कोण गेलं, असा चेहरा केलात.’’ मग रुमालाने कपाळ पुसत म्हणाल्या, ‘‘काय लिहिलेलं त्यात?’’

मी तोंड उघडलं आणि आतून आमचं नाव पुकारलं गेलं.

टेबलाच्या एका बाजूला आम्ही दोघं. समोर कंपनीचा वकील आणि त्या पर्सोनेल मॅनेजरबाई. मध्ये तेच स्वेटरवाले गृहस्थ. या वेळी मी हीटरपासून लांब बसलो. थोडी प्रस्तावना झाली आणि कंपनीचा वकील म्हणाला, ‘‘कटुता वाढवायची आमची इच्छा नाही. डँडिनाँगला आमचा दुसरा कारखाना आहे. तिथे पॅकिंगमध्येच जागा देतो. हुद्दा तोच.’’

मी त्याच्याकडे टक लावून बघितलं. माझ्या दुसऱ्या पानावरचं वाक्य तो इंग्रजीत म्हणत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लहान मूल पाढा म्हणतं तसा निरागस. डँडिनाँग त्यांच्याही डोक्यात आपोआपच आलं होतं, कारण नको असलेलं माणूस लांब ठेवायचं तर दोन ट्रेन आणि एका बसइतकी चांगली जागा नाही.

आणि माझी धास्ती जागी झाली. घे, घे, घे, असं ती म्हणत होती. मी घसा साफ केला. ‘‘आमच्या बाजूने,’’ मी सुरू केलं, ‘‘या प्रस्तावाकडे अत्यंत सकारात्मक...’’

मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बिस्किटांचे खोके अकरा वर्षं उचललेला हात. मी गप्प झालो.

त्यांनी इंग्रजीत सांगितलं, त्यांच्या इंग्रजीत, सगळी क्रियापदं एकाच काळातली. डँडिनाँग नको. डँडिनाँगहून दुपारी घरी येता येत नाही. घरी नवरा आहे, तो एका हाताने जेवू शकत नाही. मी चोरी केली नाही. ती बाई आजारी होती, मी कार्ड घातलं. ‘‘मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.’’ मग त्या पर्सोनेल मॅनेजरबाईंकडे वळल्या. ‘‘आत्ता विचारा.’’

बाई लाल झाल्या. स्वेटरवाल्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. ‘‘ही चांगली सूचना आहे,’’ ते म्हणाले. ‘‘काढण्याआधी हिला कारण विचारलं होतं का?’’

‘‘नियम भिंतीवर लावलेला आहे,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुमचा भिंतीवर आहे. संसदेचा कायद्यात आहे. कामावरून काढण्याआधी माणसाला आपली बाजू सांगायची संधी द्यायची, असं त्यात लिहिलंय. यांच्या अर्जातही तेच लिहिलंय, तिसऱ्या ओळीत.’’ त्यांनी अर्ज माझ्या दिशेने सरकवला. ‘‘छान मांडलाय मुद्दा.’’

मांडला होता तो मीच. पाच आठवड्यांपूर्वी, शांत डोक्याने, टाइप करून. आणि नंतर साक्षीदाराच्या भीतीने तो साफ विसरून गेलो होतो.

पर्सोनेलच्या बाईंनी विचारलं. खरोखरच विचारलं, ‘‘तू ते का केलंस?’’ मावशींनी सगळं सांगितलं, दारापासून बाथरूमपर्यंत, आणि ती उलटी कुठपर्यंत पोचली तेही. कंपनीच्या वकिलाने दहा मिनिटं मागितली आणि बाईंना घेऊन बाहेर गेला. वीस मिनिटांनी परत आला. मावशींनी येत्या सोमवारपासून यायचं. स्वतःच्या लाइनवर, प्रमुख म्हणूनच. मधले आठवडे नोकरीतच धरायचे. दुसऱ्याचं कार्ड घातल्याबद्दल एक लेखी ताकीद तेवढी सहा महिने फाइलमध्ये राहील.

‘‘ताकीद चालेल,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘घातलं तर होतंच.’’

बाहेर आलो. फुटपाथवर नेहमीचा बोचरा वारा होता आणि मला तो अगदी हवासा वाटत होता. आता हे प्रकरण कुठे पाठवायचं नव्हतं, कोणाला कळवायचं नव्हतं, नष्ट झाल्याचं लेखी घ्यायचं नव्हतं. मावशींनी पर्समधून पोर्तुगीज बेकरीतला एक टार्ट काढला, अर्धा मला दिला, अर्धा काकांसाठी पुन्हा गुंडाळून ठेवला. ट्रामच्या थांब्याकडे आम्ही हळूहळू चालत निघालो. मी कायदा, संधी, तिसरी ओळ असं बरंच काही बोलत होतो. विजयी वकील जसा बोलतो तसाच.

‘‘ते राहू द्या,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आता सांगा. पत्रात काय लिहिलं होतं?’’

खोटं बोलता आलं असतं. प्रती नष्ट झालेल्या होत्या, तसं लेखी होतं माझ्याकडे. पण माझ्या तोंडात त्यांचा टार्ट होता.

‘‘लिहिलं होतं,’’ मी म्हटलं, ‘‘की डँडिनाँग दिलं तर घ्या.’’

मावशी थांबल्या. आमची ट्राम आली, दार उघडलं, बंद झालं, गेली.

‘‘म्हणजे ते मला मिळालं असतं,’’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘‘तर मी घेतलं असतं. तुम्ही शिकलेले. तुम्ही लिहिलंय म्हणजे मी ऐकलंच असतं.’’

‘‘हो.’’

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं, रागाने नाही, लाइनवरून आलेला खोका नीट चिकटलाय का ते बघतात तसं.

‘‘वकीलसाहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यापुढे तुमचा सल्ला त्यांनाच पाठवत जा.’’